साक्षीदाराची जीभ

मानवी मुख हे सत्याचं महाद्वार होय. माणूस खोटं बोलू शकतो, त्याचं तोंड कधीही खोटं बोलत नाही.

हे वाक्य मी चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, तळकोकणातल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या दंतविभागात बसून लिहिलं. कॉलेजच्या स्मरणिकेला लेख हवा होता. दंतविभाग म्हणजे एक खुर्ची, एक मी, आणि भिंतीवर एका हसऱ्या मुलाचं चित्र. त्या मुलाचे पुढचे दोन दात वाळवीने खाल्ले होते. वाक्याला पूर्णविराम देतोय तोच बाहेर व्हरांड्यात गलका झाला, आणि पुढच्या पाच दिवसांत एका तोंडाने मला तीन निरनिराळ्या खोट्या गोष्टी सांगितल्या. तिन्ही मी मानल्या. तिसरीखाली तर सहीही केली.

चौघांनी एका माणसाला खाटेवर घालून आणलं होतं. पन्नाशीचा, काटक, उघडा. तोंडाच्या डाव्या बाजूला बांधलेला पंचा लाल झाला होता. तो उठून बसायची धडपड करत होता आणि ते चौघे प्रेमाने त्याला पुन्हा आडवा करत होते.

“पडान ऱ्हव रे लाडू, पडान ऱ्हव.”

“उठवा त्येका,” आमच्या सिस्टर फिलोमिना लोबो आतून येत म्हणाल्या. “बसवा. मान फुडे. जीभ मागे गेली तर तुमीच मारशात त्येका.”

त्यांनी त्याला बसवल्याबरोबर त्याच्या तोंडातून ओंजळभर रक्त खाली पडलं आणि त्याने घर्र करून श्वास घेतला. तो श्वास मला अजून ऐकू येतो. मी तिथे रुजू होऊन तीन महिने झाले होते आणि तोवर माझ्या हातून झालेलं सर्वांत मोठं शौर्याचं काम म्हणजे तहसीलदारांची अक्कलदाढ.

“काय झालं?” मी विचारलं.

“बार लागलो तोंडात,” एक जण म्हणाला.

“कुणी मारला?”

चौघांपैकी तिघांनी चौथ्याकडे पाहिलं आणि मग तिघेही छताकडे पाहू लागले. चौथा पंचेचाळिशीचा असेल. नाकडोळे जखमी माणसासारखेच. त्याच्या सदऱ्यावर जखमी माणसाइतकंच रक्त होतं.

“मी भाव त्येचो,” तो म्हणाला. “सोमा गवस.”

आमचे सर्जन पुतणीच्या लग्नाला गेले होते. डॉक्टरीणबाई अडलेल्या बाळंतिणीपाशी होत्या. रुग्णवाहिका आठवड्यापूर्वी घाटात बंद पडली होती आणि आता तिथेच राहायला गेल्यासारखी होती. मोठं हॉस्पिटल घाट चढून चार तासांवर. म्हणजे त्या माणसाच्या आणि वरच्याच्या मध्ये मी एकटा उभा होतो, हातात दात पाहायचा आरसा घेऊन.

पंचा सोडला. डावा गाल आतून फाटून बाहेर उमलला होता. खालचा जबडा डाव्या बाजूला दोन ठिकाणी मोडला होता आणि मधला तुकडा बोटाखाली हलत होता. जीभ कडेला चिरली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत फुगत होती. या जखमेत माणूस रक्त जाऊन मरतो ते नंतर. आधी मरतो तो श्वास कोंडून, आपल्याच जिभेने. म्हणून मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर जिभेच्या टोकातून जाड रेशमी दोरा ओवला, ती बाहेर ओढली आणि दोऱ्याचं टोक धरायला हात शोधला. सिस्टरांचे दोन्ही हात रक्त ओढायच्या नळीपाशी गुंतले होते. मोकळा हात सगळ्यात जवळ होता तो सोमाचा.

“हे धर. जीभ आत जायला लागली की हळू ओढायचं. उमासा आला की सैल सोडायचं. आणि काय वाट्टेल ते झालं तरी टाकायचं नाही.”

सोमाने दोरा तर्जनीला दोन वेढे देऊन धरला. मोटेचा नाडा धरतात तसा, पण हलक्या हाताने.

गळ्याला भोक पाडायची हत्यारं सिस्टरांनी शेजारी मांडून ठेवली. ती क्रिया मी आयुष्यात एकदा पाहिली होती, तीही चौथ्या रांगेतून. झोपेचं इंजेक्शन देण्याची सोय नव्हती. झोपला असता तर उठला नसता. म्हणून जबडा बधिर करून, बसल्या बसल्याच, मी गाल धुवायला घेतला. मिठाच्या पाण्याच्या बाटल्यांमागून बाटल्या गेल्या. आणि धुता धुता मला संशय यायला लागला.

बाहेरून गोळी लागली असती तर गालाची कातडी आत वळली असती. ही बाहेर वळली होती. टाळ्यावर आणि जिभेवर काळी काजळी बसली होती. ओठ भाजले होते, मिशी डाव्या बाजूने होरपळली होती. म्हणजे नळीचं तोंड या माणसाच्या तोंडापाशी होतं आणि बार आतून बाहेर गेला होता. असं कोण करतं? एक तर स्वतः माणूस, नाहीतर त्याचा फार जवळचा माणूस. जवळचा माणूस माझ्यासमोर दोरा धरून बसला होता.

दात मोजले. डावीकडचे चार नव्याने गेले होते. दोन तोंडात सापडले, एक पंच्यात. चौथा कुठेच नाही. हरवलेला दात सापडल्याखेरीज स्वस्थ बसायचं नसतं, कारण तो श्वासाबरोबर फुप्फुसात गेला तर महिन्याभराने माणसाला घेऊन जातो. एक्स-रे काढला. छातीत दात नाही. पोटात दात नाही. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, जबड्यात, गालात, मानेत कुठेही शिशाचा एक कणसुद्धा नाही.

“छर्रा गेला कुठे?” मी सिस्टरांना विचारलं.

त्यांनी चिमट्यात काहीतरी धरून माझ्यासमोर केलं. गालाच्या मांसातून निघालेले तांबूस धागे. मी ते पुसून उजेडात धरले. काथ्या होता. नारळाचा.

मी सोमाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. जिभेकडे पाहत होता.

दुपारी एक वाजता हवालदार पिसाळ आले. साताऱ्याकडचे, धिप्पाड, आणि कोकणातली माणसं आपल्यापासून काहीतरी लपवतात अशी त्यांची पक्की समजूत. ती खरीही होती. गवसांच्या शेजारच्या सत्यभामा काकूंनी जबाब दिला होता की सकाळी सोमा मोठ्याने ओरडला आणि त्याच क्षणी बार झाला.

“काय ओरडला ते त्या बाईला कळलं नाही,” पिसाळ म्हणाले. “पण अकरा वर्षं सख्ख्या भावाशी न बोललेला माणूस ओरडतो, ते काय मायेनं?”

मग त्यांनी दारातून आत पाहिलं. लाडू खुर्चीत बसला होता. त्याची जीभ चार बोटं बाहेर होती, जिभेला दोरा होता, आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला सोमा होता.

“डॉक्टर,” पिसाळ फार हळू म्हणाले, “साक्षीदाराची जीभ तुम्ही आरोपीच्या हातात दिलीय.”

“त्या वेळी तो आरोपी नव्हता.”

“आता हाय. सोड रं तो दोरा.”

सोमाने सोडला नाही. मान खाली घालून म्हणाला, “डाक्टरांनी टाकू नको म्हणान सांगितल्यानी.”

“मी सांगतोय सोड.”

“हवालदारसाहेब,” मी म्हणालो, “तो सोडील. मग ती जीभ घशात जाईल आणि पंचनाम्यात कारण म्हणून तुमचं नाव घालावं लागेल.”

पिसाळ दारातच स्टूल टाकून बसले. मी आधी गालाचं आतलं अस्तर शिवलं, मग स्नायू, मग वरची कातडी. गाल नेहमी आतून बाहेर शिवत यायचा असतो. मोडका जबडा वरच्या दातांशी तारेने बांधून टाकला. धनुर्वाताचं इंजेक्शन, पेनिसिलिन. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, गेलेल्या दातांच्या फटीतून नळीने पेज. हे सगळं होईपर्यंत चार वाजले. तोवर सोमाने दोरा एका हातातून दुसऱ्या हातात सात-आठ वेळा घेतला, पण खाली ठेवला नाही. तर्जनीला काळानिळा वळ उठला होता.

पिसाळ त्याच्याकडे टक लावून होते. “एवढी काळजी,” ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “मला तर लई संशयास्पद वाटतीय.”

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी मला गवस बंधूंची माहिती दिली. बाप वारल्यावर वाटणी झाली तेव्हा पंच इतके काटेकोर निघाले की कोणत्याही भावावर अन्याय होऊ नये म्हणून पाटा लाडूला दिला आणि वरवंटा सोमाला. तेव्हापासून दोन्ही घरांत वाटण असं झालेलंच नाही, शेजारून वाटून आणतात. मधोमध दगडी गडगा घातला. गडग्याला लागून बरक्या फणसाचं झाड होतं, मऊ, रसाळ गऱ्यांचं. लाडूचा त्या झाडावर फार जीव. ते गेलं सोमाच्या वाट्याला. लाडूकडे उरला कापा फणस, कडक गऱ्यांचा. फांद्या लाडूकडे आल्या तरी फणस पडेल तो ज्याच्या परड्यात, म्हणजे परसात, त्याचा, असा निवाडा झाला. आणि झाडाने, बहुधा पंचांच्या मुरवतीने, अकरा वर्षांत एकही फणस लाडूच्या बाजूला टाकला नाही. लाडूने देवापुढे नारळ ठेवून शपथ घेतली: या झाडाचा गरा तोंडात घालणार नाही, आणि सोमाशी बोलणार नाही.

“आता बघा,” पिसाळांनी बशी खाली ठेवली, “झाड सोमाचं, राग लाडूचा. मग बार लाडूच्या तोंडात कसा?”

मी रिकाम्या कपात चमचा फिरवला. पिसाळांना ते मनापासून आवडलं.

सिस्टरांनी थोडा वेळ दोरा धरला तेव्हा पिसाळांनी सोमाला व्हरांड्यात नेऊन विचारलं, “कुणी केलं?”

सोमाने बोटावरचा वळ चोळला. मग म्हणाला, “माझ्यामुळा झाला. लिवा तुमी.”

“कशानं?”

“माझ्यामुळा झाला,” तो म्हणाला. त्यापुढे एक अक्षर नाही. बंदूक कुठे आहे विचारलं, गप्प. लाडूच्या बायकोला विचारलं, तिने डोक्यावरचा पदर तोंडावर घेतला. घराची झडती झाली, गवताच्या उडव्या तेवढ्या राहिल्या. बंदूक मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी जिभेची सूज थोडी उतरली आणि मी दोरा काढला. सोमाने आपलं मोकळं झालेलं बोट काही वेळ नुसतं पाहिलं. मग कनवटीची गाठ सोडून माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं.

दात होता. मुळासकट, धुतलेला.

“काल दिवसभर मी हा शोधतोय,” मी म्हणालो. “त्याच्या छातीत, पोटात. तू बोलला का नाहीस?”

“तुमी दात शोधतास ता माका कळूक नाय. हो माझ्या परड्यात पडललो.” तो थांबला. “पडात ता ज्येच्या परड्यात त्येचा, असो आमचो न्याय. पण दात दादाचो.”

पिसाळांनी लगेच वहीत लिहिलं: आरोपीने पुरावा दडवून ठेवला.

त्याच सकाळी सिस्टरांनी लाडूचं अंग पुसताना मला बोलावलं. “डाक्टर, हो बघा.” उजव्या पायाचा अंगठा. नखाच्या बाजूला कातडी सोलवटली होती, खाली रक्त साकळलं होतं.

मी दंतवैद्य. अंगठ्याशी माझा काही संबंध नाही. पण लांब नळीची बंदूक तोंडात धरलेल्या माणसाचा हात चापापर्यंत पोचत नाही, तो पायाच्या अंगठ्याने चाप ओढतो, एवढं पुस्तकात वाचलेलं होतं. म्हणजे या माणसाने स्वतःच मरायला घेतलं होतं. त्या काळी ते करून वाचलेल्यालाही कोर्टात उभं करत. मी लाडूच्या डोळ्यांत पाहिलं. मरायला निघालेल्या माणसाचे डोळे कसे असतात ते मला ठाऊक नव्हतं, पण पेजेची नळी दिसल्यावर असे खचित लकाकत नसावेत.

“ह्येका भूक किती लागता,” सिस्टर म्हणाल्या. “मरूक जाणारो माणूस दुसऱ्यांदा पेज मागता?”

तिसऱ्या दिवशी पिसाळांनी ठरवलं की लाडूला विचारायचं. लिहिता येत नव्हतं त्याला, सहीपुरतं यायचं. मान हलवायला मी बंदी घातली होती. राहिले हात.

“लाडू,” पिसाळ म्हणाले, “घाबरू नको. हे कुणी केलं?”

लाडूने हात उचलला आणि दारात उभ्या असलेल्या सोमाकडे बोट केलं. मग तेच बोट स्वतःच्या तोंडाकडे नेलं. मग दोन्ही हातांनी हवेत एक मोठी गोल वस्तू दाखवली. पिसाळांनी काही विचारायच्या आत पुन्हा तसंच: सोमा, तोंड, गोल. तिसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमा भिंतीला टेकला.

पिसाळांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधी लागल्यासारखी शांतता आली. “डॉक्टर,” ते म्हणाले, “तुम्हाला छर्रा का घावला नाही ते कळलं का?”

“नाही.”

“बंदूक नव्हतीच. रानडुकरासाठी इकडं गावठी बॉम्ब करत्यात. दारू, वर काथ्या गुंडाळायचा, आणि आमिषात घालून ठेवायचा. डुकरानं चावला की तोंडात फुटतो. तुम्हाला काथ्या मिळाला का नाही? काजळी आतनं हाय का नाही? गाल बाहेर वळलाय का नाही?”

तिन्ही होते. मला फार बरं वाटलं, कारण आता सगळं जुळत होतं. अंगठा जुळत नव्हता, पण अंगठा माझ्या विषयात बसत नव्हता.

“एवढो मोठो बॉम्ब?” सिस्टरांनी लाडूच्या हातांएवढा आकार करून दाखवला. “ह्येच्या तोंडात मावतलो कसो?”

“दुखण्यातला माणूस वाढवून सांगतो,” पिसाळ म्हणाले.

मी अहवाल लिहिला. ‘मुखपोकळीत स्फोटक पदार्थ ठेवला गेल्याने आतून बाहेर झालेली इजा. सोबत काथ्याचे तंतू, सीलबंद.’ अक्षर चांगलं आलं होतं. सही केली. पिसाळांनी कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. शनिवारी जीप येणार होती, सोमाला तालुक्याच्या कोठडीत न्यायला. खुनाचा प्रयत्न. पिसाळांच्या अंदाजाने सात वर्षं.

सोमाने काही विचारलं नाही. तो रोज सकाळी शिपायाच्या पहाऱ्यात घरून पेज आणायचा, सिस्टरांच्या हातात द्यायचा आणि व्हरांड्याच्या कठड्यावर जाऊन बसायचा. पिसाळांच्या सांगण्यावरून त्या पेजेचा एक घोट आधी त्याला प्यायला लावत. तो पिऊन दाखवायचा. मीही ते पाहत उभा राहायचो, हे सांगायला मला आता लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

शनिवारी सकाळी जीप आली. पिसाळ आत आले, शेवटचा उपचार म्हणून लाडूसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “सोमाला नेतोय. तुला न्याय मिळंल.”

आणि तारेने बांधलेल्या दातांतून, ओठ न हलवता, पाण्याखालून यावा तसा आवाज आला. “खंय नेतास?”

जबडा बांधला तरी जीभ ठीक असली की माणूस दातांआडून बोलू शकतो हे मला माहीत होतं. लाडूला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला त्या क्षणी सापडलं.

“कोठडीत,” पिसाळ म्हणाले. “बॉम्ब घातला ना त्यानं तुझ्या तोंडात.”

“कसलो बॉम्ब?” लाडूने कपाळाला आठ्या घातल्या. “बंदूक होती. बापाशीची, ठासणीची. माकडां इलली फणसार.”

मग त्याने सांगितलं. थांबत थांबत, लाळ पुशीत. वाटणीत पंचांनी बंदुकीचाही न्याय केला होता. नळी आणि दस्ता लाडूला. दारू ठासायचा गज आणि दारूचं शिंग सोमाला. केपा लाडूकडे. केप म्हणजे तांब्याची टिकली, ती घोड्याखाली बसवली आणि घोडा आपटला की बार उडतो. माकडं आली की लाडू बंदूक गडग्यावर ठेवायचा आणि खाकरायचा. सोमा पलीकडून ती उचलून दारू आणि काथ्याचा बोळा ठासायचा. शिसं नाही, माकड मारायचं नसतं, नुसता आवाज करायचा. मग बंदूक परत गडग्यावर ठेवून तो खाकरायचा. अकरा वर्षं हे असं चाललं होतं. एक शब्द बोलले नाहीत.

“पण ह्येना भरली काय नाय, ता माका कळतला कसा?” लाडू म्हणाला. “बोलना तर नाय. एकदा रिकामीच दिली ह्येना. मी चाप ओढलंय, नुसती टिक. माकडां हसली.”

तेव्हापासून तो प्रत्येक वेळी खात्री करायचा. घोडा पायाच्या अंगठ्याने मागे धरायचा, नळीला तोंड लावायचं आणि फुंकायचं. वारा आरपार गेला तर रिकामी. केप मागाहून लावायची. त्या दिवशी माकडं डोक्यावर होती, घाई झाली. त्याने केप आधी लावली आणि मग त्याला संशय आला.

“नळीक तोंड लावलंय. आणि हो पलीकडसून आराडलो. ‘दादा, केप.’”

सगळ्यांनी सोमाकडे पाहिलं.

“माका वाटला, ह्यो बोललो?” लाडू म्हणाला. “अकरा वर्सांनी? म्हणान मान वळवलंय बघूक. आणि अंगठो सटाकलो.”

मी अंगठ्याकडे पाहिलं. मग गालाकडे. सरळ फुंकत राहिला असता तर बार घशातून मानेत गेला असता, काथ्याचा असला तरी. मान वळली म्हणून गालातून गेला. आणि दात उडून सोमाच्या परड्यात पडला.

“मी आराडलंय म्हणान अंगठो सटाकलो,” सोमा भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाला. “माझ्यामुळाच झाला ता.”

“मग बोलला का नाहीस हे?” पिसाळ ओरडले.

“बंदुकीचो परवानो बापाशीच्या नावार. बापूस मेलो अकरा वर्सां झाली. बंदूक म्हटलंय तर दादा पण आत जातलो.”

पिसाळ स्टुलावर बसले. त्यांनी बराच वेळ खिशाच्या बटणाशी चाळा केला. मग बटण काढून माझा अहवाल बाहेर काढला, उलगडला, वाचला, आणि माझ्या हातात दिला.

“बंदूक हाय कुठं?” त्यांनी अखेर विचारलं.

“नळी माझ्याकडे,” लाडू म्हणाला.

“गज माझ्याकडे,” सोमा म्हणाला.

पिसाळांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “म्हंजे याच्याकडं एक लोखंडी पाइप आणि त्याच्याकडं एक सळई,” ते म्हणाले. “बंदूक कुणाकडंच नाही. सोमवारपातूर दोन्ही चौकीत आणून टाका, भंगार म्हणून.” ते उठले. दारापर्यंत गेले आणि परत वळले. त्यांच्या मनातून ते काही जात नव्हतं. “मग परवा हातानं गोल गोल काय दाखवत होतास? सोमा, तोंड आणि एवढं मोठं? आम्ही काय समजायचं त्यातनं?”

लाडू सोमाकडे पाहत होता. सोमाही प्रथमच खाली न पाहता त्याच्याकडे पाहत होता. सिस्टरांनी हातातली पेजेची नळी अलगद खाली ठेवली. बाहेर जीपचा ड्रायव्हरसुद्धा खिडकीशी येऊन उभा राहिला होता.

लाडूने लाळ पुसली.

“सोम्या,” तो दातांआडून म्हणाला, “कापो काय आता माका चावूचो नाय. बरक्याचे दोन गरे पिळून घेवन ये. आठळ्यो काढ आधी.”